मेथडिस्टांच्या नावावर एक

आमच्या चर्चमध्ये खोटं बोलायचं तर आजार नीट निवडावा लागतो. मी चुकीचा निवडला. त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही, कारण ज्या कागदावर मी खोटं लिहिलं तो कागदही मीच छापलेला होता.

मी शेल्बी फुट्रेल, वय सव्वीस. मिसूरीच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे कापूस आणि बॅप्टिस्ट ख्रिस्ती सोडून फारसं काही उगवत नाही, तिथल्या एका चर्चच्या ऑफिसात मी चिटणीस आहे. रविवारचं पत्रक टाइप करते, फुलं मागवते आणि प्रार्थनेची यादी सांभाळते. कोणाचा गुडघा, कोणाची किडनी, कोणाचा जावई, सगळं माझ्या संगणकात आद्याक्षरांप्रमाणे लावलेलं असतं. सगळ्या गावाची गुपितं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं एकही सांभाळता येऊ नये, याला माझी आई देवाची विनोदबुद्धी म्हणाली असती. पण आईला सांगायचं म्हणजे थेट ध्वनिक्षेपकात सांगायचं. ती चर्चमध्ये पियानो वाजवते आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात बातम्या देते.

गुपित असं की मला दिवस जाऊन बारा आठवडे झाले होते. पहिले सहा आठवडे मी ते चर्चच्या जेवणातल्या वालाच्या शेंगांमुळे होतंय असं धरून चालले. पुढचे तीन आठवडे मी देवाशी बोलत होते, आणि तो ऐकून घेत होता. एवढ्यात गर्भ पाडायच्या गोळ्यांची मुदत टळली. मुलाचा बाप कोल्टन. तो आमच्या भजनी बँडमध्ये गिटार वाजवायचा. जानेवारीत देवाने त्याला आयडाहोला बोलावलं. जाताना माझा नंबर सोबत ने, असं काही देवाने त्याला सांगितलं नसावं.

नदीच्या अलीकडे आता कायद्याने काही होत नाही. दवाखाने सगळे पलीकडे, इलिनॉयमध्ये. मी गुरुवारी साडेदहाची वेळ घेतली. अट एकच: गुंगीचं औषध देणार, म्हणून सोबत ओळखीचं मोठं माणूस हवं. त्याने आत येऊन सही करायची, थांबायचं आणि घरी न्यायचं. माझी चुलतबहीण केंड्रा यायची होती. सोमवारी तिच्या धाकट्याचा कान फुटला. दवाखान्याला फोन केला, तर पुढची वेळ तीन आठवड्यांनी. तोवर ते काम दोन दिवसांचं होणार होतं. माझ्याकडे एक माणूस नव्हतं, आणि ते दोन दिवसांसाठी मागत होते.

मग मी विचार केला. माझ्या ओळखीची गाडी असलेली माणसं कोण? सगळी चर्चची. आणि चर्चमध्ये ‘चाकांची सेवा’ आहे. दारापाशी एक कागद टांगलेला असतो. ज्याला डॉक्टरकडे जायचंय त्याने दिवस लिहायचा, ज्याला न्यायचंय त्याने शेजारी नाव लिहायचं. आमच्याकडे लग्न मोडतं, जमीन विकली जाते, पण त्या कागदावर लिहिलेलं नाव कोणी खोडत नाही. त्यात ‘कारण’ असा एक रकाना आहे. तो तीन वर्षांपूर्वी मीच घातला. म्हातारे हार्लन पूल दर महिन्याला डोळे तपासायला जायचे आणि जुगाराच्या बोटीवर सापडायचे, म्हणून. तेव्हा सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं होतं.

तर रकाना भरणं भाग होतं. गुंगी लागते, सोबत माणूस लागतं आणि ज्याबद्दल कोणी पुढे विचारणार नाही, असा आजार कोणता? मी लिहिलं: ‘आतड्याची तपासणी, दुर्बीण.’ मला वाटलं, लोक आतड्याला लाजतात. इथेच मी चुकले. बॅप्टिस्ट माणूस आतड्याला लाजत नाही. तो फक्त बाकी सगळ्याला लाजतो.

मंगळवारी सकाळपर्यंत मी प्रार्थनेच्या यादीत होते. दुपारी पहिली जेली आली. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक खायचं असतं, हे आमच्या चर्चमध्ये दहा आज्ञांपेक्षा जास्त लोकांना पाठ आहे. एरवी संकटातल्या माणसाकडे आम्ही चीज घातलेले भाजके पदार्थ घेऊन जातो. माझ्याकडे कोंबडीचं गाळलेलं पाणी आलं, चार बरण्या. हिरवी जेली आली, पिवळी आली. एका बाईंनी लाल आणली, तर दुसऱ्या दोघींनी तिला दारातच अडवलं.

“लाल चालत नाही गं! आत रक्तासारखं दिसतं!”

“माझ्या भावाला चालली होती.”

“तुझा भाऊ वारला.”

“ट्रॅक्टरखाली!”

ब्रदर ड्वेन, आमचे पाद्री, स्वतः ऑफिसात आले. दार लावून घेतलं. ते खुर्चीत बसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “शेल्बी, माझ्यात दोन गाठी सापडल्या होत्या.” मग पंचवीस मिनिटं त्यांनी त्यांचं वर्णन केलं. मला बारा आठवड्यांत पहिल्यांदा सकाळऐवजी दुपारी मळमळलं.

नदीपलीकडे का जातेस, हे मात्र कोणी विचारलं नाही. मी ‘विमा’ एवढंच म्हटलं. विमा म्हटल्यावर सगळे मान हलवतात आणि विषय बदलतात. आजार शोधण्यात डोकं शिणवण्यापेक्षा सगळंच विम्यावर ढकलायला हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी कागद बघितला. गुरुवारच्या शेजारी टपोऱ्या अक्षरात नाव होतं: व्हर्लीन स्ट्राउड.

मिस व्हर्लीन बहात्तर वर्षांच्या. तीस वर्षं शाळेची बस चालवली. आणि त्याच दवाखान्याच्या फुटपाथवर दर शनिवारी फलक घेऊन उभी राहणारी आमच्या चर्चची जी तुकडी आहे, तिच्या त्या प्रमुख. फलक मी लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे. चार शनिवार मी स्वतःही गेले होते. दोन वेळा श्रद्धेने आणि दोन वेळा कोल्टन जाणार होता म्हणून.

मी कागदासमोर बराच वेळ उभी राहिले. नाव खोडावं असंही वाटलं. पण कागद माझा, पेन माझं, आणि ते अक्षर ज्या बाईचं होतं तिने मला पहिलीपासून आठवीपर्यंत रोज घरी पोचवलं होतं.

गुरुवारी सकाळी आठला मिस व्हर्लीन दारात. निळी गाडी, मागच्या सीटवर दोन उशा, एक बादली आणि तीन बरण्या गाळलेलं पाणी.

“बस, पोरी. रात्री पोट साफ झालं?”

“हो.”

“एकदम पाण्यासारखं?”

“हो, मिस व्हर्लीन.”

“शाबास.”

पहिला तासभर त्या त्यांच्या नवऱ्याच्या, रॉयच्या, तीन दुर्बिणींबद्दल बोलल्या. मी मधूनमधून ‘अरे बापरे’ म्हणत होते. माझा बेत साधा होता, म्हणजे मूर्खासारखा होता. त्यांना आतड्याच्या डॉक्टरच्या इमारतीपाशी थांबवायचं, पुढच्या दाराने आत जायचं, मागच्या दाराने निघून सहा गल्ल्या चालायच्या, आणि तिथे सहीसाठी रस्त्यातल्या एखाद्या सज्जन माणसाला पकडायचं. हा बेत करताना मी पूर्ण शुद्धीत होते.

नदीवरच्या पुलावर चढलो आणि मिस व्हर्लीननी रेडिओ बंद केला.

“शेल्बी, काल दुपारी तू ऑफिसात डोनट खाल्लास.”

“मी?”

“हनुवटीला साखर होती.”

“ती... पावडर होती, मिस व्हर्लीन.”

“जेलीच्या डोनटची पावडर. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी माणूस डोनट खात नाही. आणि हे डॉक्टर गुरुवारी तपासत नाहीत. रॉयला तीनदा मंगळवारी नेलंय. तीस वर्षं बस चालवली गं मी. मागच्या सीटवर कोण खोटं बोलतंय ते मला आरशात न बघता कळतं. कुठे जायचंय आपल्याला?”

पूल लांब आहे. मी खाली नदीकडे बघितलं. दुसरा एखादा अवयव सुचतो का म्हणून वाट पाहिली. मग सांगितलं.

पूल संपला. मिस व्हर्लीन पहिल्याच पेट्रोलपंपावर वळल्या, गाडी हवा भरायच्या नळापाशी उभी केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसल्या. मला वाटलं, आता वळवणार. वळवली तर तीन आठवडे गेले, कदाचित सगळंच गेलं. आणि चालत जायचं तर पुढे पन्नास मैल होते.

“मला हे पसंत नाही,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“कारणं तुला सांगत बसत नाही. ती तूच फलकांवर लिहिलीयेस. अक्षर छान आहे.”

“थँक्यू.”

“थँक्यू काय म्हणतेस, गाढवे! तुझं ठरलंय? पक्कं?”

“पक्कं.”

“कोणी जबरदस्ती केली?”

“नाही. ज्याने करायची तो आयडाहोत आहे.”

“तो गिटारवाला? मला तो कधीच आवडला नाही. डोळे मिटून वाजवायचा.” थोडा वेळ नळाची फुसफुस ऐकत बसल्या. “आणि तुला माझ्या कागदावरच का यायचं होतं? अख्ख्या मिसूरीत दुसरं माणूस नव्हतं?”

“नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसायचा प्रयत्न केला. असल्या वेळी माझा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा होतो.

“मी नाव लिहिलंय,” शेवटी त्या म्हणाल्या, माझ्याशी नाही, स्टिअरिंगशी. “गुरुवार, आठ वाजता, जाणं-येणं. कारणाच्या रकान्यात तू खोटं लिहिलंस ते तू देवाशी बघून घे. मी माझं नाव खरं लिहिलंय.” आणि किल्ली फिरवली.

दवाखान्यासमोर माणसं होती. ती असणारच. फुटपाथची वाटणी झालेली आहे. शनिवार आमचा, गुरुवार कॅथलिकांचा. मधल्या दिवशी जो येईल तो. जेरार्ड ब्रिंकमन, उंच, लाल नाकाचे, जपमाळ घेऊन उभे होते. त्यांना मिस व्हर्लीनची गाडी दिसली आणि चेहरा उजळला.

“व्हर्लीन! आज गुरुवार आहे की!”

“मला वार कळतात, जेरार्ड.”

“मदतीला आलात? थर्मासमध्ये कॉफी आहे!”

“गाडी लावायचीये. बाजूला हो.”

ते बाजूला झाले. मग त्यांनी बघितलं की गाडी रस्त्याकडेला न लागता आत, दवाखान्याच्या आवारात चाललीय. हातातलं पत्रक तसंच पुढे धरलेलं राहिलं. मिस व्हर्लीननी काच खाली केली आणि ते घेतलं. म्हणाल्या, “छपाई वाकडी आलीय.” काच वर. मी सीटवरून जितकं खाली सरकता येतं तितकी सरकले होते. त्यामुळे त्यांना फक्त माझे केस दिसले असतील. पण माझे केस आमच्या जिल्ह्यात माझ्या चेहऱ्यापेक्षा प्रसिद्ध आहेत. आईकडून आलेत, लाल आणि उभे.

आत काउंटरवर ओडेसा नावाच्या बाई होत्या, असं त्यांच्या पाटीवर होतं. पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी आणि तिच्या शेजारी क्रॉस. त्यांनी माझं नाव बघितलं, मग मिस व्हर्लीनकडे बघितलं. मग काहीही न बोलता खालच्या खणातून एक जाड फाइल काढली आणि उघडली.

“तुम्ही इथे आत येऊ शकत नाही, मॅडम. या फाइलीतल्या लोकांना दाराच्या आत परवानगी नाही.”

“कसली फाइल?”

ओडेसांनी ती फिरवून दाखवली. फुटपाथवर उभ्या राहणाऱ्या सगळ्यांचे फोटो होते, तारखेनिशी.

“हा दवाखाना उघडला त्या पहिल्या शनिवारपासून मी इथे उभी आहे,” मिस व्हर्लीन म्हणाल्या. “गारा पडल्या तरी.”

“म्हणून तुम्ही पहिल्या पानावर आहात.”

“पहिल्या?” मिस व्हर्लीननी चष्मा नीट केला. मला शपथेवर सांगायला सांगितलं तर मी सांगेन, त्या थोड्या सुखावल्या.

“आणि तुम्ही,” ओडेसा माझ्याकडे वळल्या, “सातव्या पानावर.”

सातव्या पानावर मी होते. एका हातात मीच लिहिलेला फलक, दुसऱ्या हातात सँडविच, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या आयुष्यात माझा एकही फोटो चांगला आलेला नाही, आणि ज्यांचं माझ्याशी वैर होतं त्यांच्या फाइलीतलाही त्याला अपवाद नव्हता.

“मला परत पाठवणार?” मी विचारलं.

“तुम्हाला कशाला? तुम्ही पेशंट आहात. फाइलीतली पेशंट ही काही पहिली वेळ नाही. बाराव्या पानावरची दोनदा आलीये. पण सोबतीचं माणूस मात्र चालणार नाही. दुसरं कोणी आहे?”

“नाही.”

“मग गुंगी देता येणार नाही. वेळ बदलावी लागेल.”

आणि तेव्हा मिस व्हर्लीननी पर्स काउंटरवर ठेवली, आदळली म्हटलं तरी चालेल.

“हे बघा बाई. तीस वर्षं मी मुलांची बस चालवली. एक मूल चुकीच्या दारात उतरवलं नाही. चौदा वर्षं चाकांची सेवा. मोतीबिंदू, किडनी, डायलिसिस, हर्निया. एकही माणूस मी अर्ध्यात टाकून आले नाही. आणि तुम्ही म्हणता माझ्यावर भरवसा नाही?”

“मॅडम, तुम्ही दर शनिवारी आमच्या पेशंटवर ओरडता.”

“शनिवारी! आज गुरुवार आहे!”

“त्याने काय फरक पडतो?”

“फरक? शनिवारी मी देवासाठी येते. आज मी हिला घेऊन आलेय. मी हिच्याशी सहमत नाही, तुमच्याशी तर मुळीच नाही. पण मी नाव लिहिलंय. तुमच्यात कागदावर नाव लिहिलं तर पाळत नाहीत का?”

मागे खुर्च्यांवर बसलेल्या सात-आठ जणींनी फोन खाली ठेवले होते. मी अशा एका भांडणाच्या मध्ये उभी होते, ज्यात दवाखान्याची बाई गर्भपाताच्या आड येत होती आणि फलकवाली बाई त्यासाठी भांडत होती. आणि तो गर्भ माझा असूनही मला मध्ये बोलायला जागा नव्हती.

ओडेसा उठून आत गेल्या. मोठ्या बाईंशी बोलून परत आल्या.

“पर्स आणि फोन गाडीत. दाराशेजारच्या खुर्चीवर बसायचं. दुसऱ्या पेशंटशी एक शब्द नाही.”

“प्रार्थना?”

“तोंड मिटून.”

“बॅप्टिस्ट तोंड मिटून प्रार्थना करत नाहीत.”

“आज करतील.”

मिस व्हर्लीननी सही केली. ‘पेशंटशी नातं’ या जागी त्या थांबल्या, विचार केला आणि लिहिलं: ‘ड्रायव्हर.’

मला एक वेगळा कागद मिळाला. कुठल्यातरी विद्यापीठाचा, नाव न लिहिता भरायचा. वय, शिक्षण, आधीची मुलं. आणि मग: धर्म. शेजारी चौकटी.

मी पेन घेतलं आणि अडकले. बॅप्टिस्टच्या चौकटीत खूण केली तर आमच्या लोकांचा आकडा एकाने वाढणार. कुठेतरी कोणी तक्ता करणार, तो वर्तमानपत्रात येणार आणि ब्रदर ड्वेन रविवारी व्यासपीठावरून तो आकडा वाचून दाखवणार. मी आमच्या चर्चला आतापर्यंत पुरेसं लाजवलं होतं. ‘कोणताच नाही’ लिहायला हात धजेना. वीज पडली असती. मग मला सुचलं. मेथडिस्ट! आमच्या गावात बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट या दोन पंथांत शंभर वर्षांपासून वाद आहे. बाप्तिस्म्याला माणूस बुडवायचा की नुसता शिंपडायचा, आणि उन्हाळ्याच्या जेवणात कोणाचा मक्याचा पाव चांगला. एक आकडा त्यांच्या नावावर गेला तर त्यांना काय कळणार? मी खूण केली. खरं सांगते, सकाळपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

शेजारच्या मुलीच्या अंगात पिवळा टी-शर्ट होता, मेथडिस्ट युवक शिबिराचा, तळ्याच्या चित्राचा. मी सहज तिच्या कागदाकडे बघितलं. तिने बॅप्टिस्टवर खूण केली होती.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. दोघींनी कागद पालथे केले.

मी माझा घेऊन काउंटरवर गेले. ओडेसांना तो वाचायचा नव्हता, पण मी घाईत सुलटाच दिला.

“अगं, मेथडिस्ट!” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्या. “मीही मेथडिस्ट. रविवारी मुलांना शिकवते. कुठलं चर्च तुमचं?”

मला एकच मेथडिस्ट चर्च आठवलं. “ते... जळालं.”

“जळालं? कधी?”

“सगळंच.”

“काही जळालेलं नाही!” दाराशेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. मिस व्हर्लीननी चाळीस मिनिटं तोंड मिटून धरलं होतं, ते उघडलं. “ती बॅप्टिस्ट आहे. नवव्या वर्षी बुडवलंय तिला, मी काठावर टॉवेल धरून उभी होते. शेल्बी, तो कागद परत घे.”

“त्यावर नाव नाही, मिस व्हर्लीन. काय फरक पडतो?”

“आपली मुलगी आपल्यात मोजायची सोडून मेथडिस्टांत ढकलतेस? काय केलंय त्या बिचाऱ्यांनी तुझं?”

“आपला आकडा वाढेल.”

“मग वाढू दे. तू इथे आलीस म्हणजे आपल्यातली एक इथे आली. तुला खोडून ती कमी होत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “दुरुस्त कर. आणि नाक पूस.”

मला नाक वाहतंय हे तेव्हा कळलं. मी बॅप्टिस्टवर खूण केली. ओडेसांनी कागद न बघता घेतला आणि म्हणाल्या, “माझ्या अंदाजाने दहातल्या सहाजणी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या असतात. आणि सहाही जणींना वाटतं, आपल्या चर्चमधून आपणच पहिल्या.” मग पुढे झुकल्या. “आता तुमच्यामुळे मला बाकीच्या कागदांचाही भरवसा राहिला नाही.”

मागे पिवळ्या टी-शर्टवाली मुलगी आपल्या कागदावर काहीतरी खोडत होती.

मग माझं नाव पुकारलं. आतलं फार सांगण्यासारखं नाही. छताला एक पांढरी जाळी होती. नर्सने विचारलं, आकडे उलटे मोजता येतात का. मी वीसपासून सुरुवात केली, सतरापर्यंत आले, आणि मग मला पावडरीच्या साखरेबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं, ते मी सांगितलं म्हणे.

शुद्ध आली तेव्हा पोटात कळ होती. थोडा वेळ मी रडले, म्हणजे डोळे आपोआप वाहत राहिले. मला वाईट वाटत होतं का, सुटल्यासारखं वाटत होतं का, हे त्या डोळ्यांनाही ठरवता येत नव्हतं. पडद्यापलीकडे मिस व्हर्लीन काळजी घ्यायच्या सूचनांचा कागद मोठ्याने वाचत होत्या, आणि नर्स ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत होती.

“ताप किती आला तर फोन करायचा? इथे लिहिलंय शंभर पॉइंट चार. शंभर पॉइंट तीन असेल तर?”

“तर... लक्ष ठेवा, मॅडम.”

“कोणी? मी? मग तसं लिहून द्या.”

परत निघालो तेव्हा जेरार्ड ब्रिंकमन फुटपाथवर नव्हते. ते नव्हते हे वाईट लक्षण आहे, हे आम्हा दोघींना कळलं. बादली माझ्या पायाशी, उशी पाठीला. मिस व्हर्लीननी वाटेत तळलेली कोंबडी घेतली आणि मला दोन तंगड्या खायला लावल्या. गाळलेल्या पाण्याची बरणी उघडलीसुद्धा नाही.

“शनिवारी मी तिथे असणार,” त्या म्हणाल्या. डोळे रस्त्यावर.

“माहीत आहे.”

“माझं मत बदललेलं नाही.”

“माझंही नाही.”

“ठीक. तंगडी संपव.”

पुलावर माझा फोन वाजला. आई. मी फोन कट केला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मिस व्हर्लीन म्हणाल्या, “जेरार्डची वहिनी तुझ्या आईचे केस कापते.”

“माहीत आहे.”

“मग उचल. मी उचलणार नाही. मी गाडी चालवतेय.”

मी उचलला.

“शेल्बी,” आई म्हणाली. मागे पियानो नव्हता, कोणी बोलत नव्हतं. माझ्या आईच्या मागे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. “मला एक फोन आला होता. मी त्या बाईला म्हटलं, माझी मुलगी आतड्याच्या डॉक्टरकडे गेलीये. मी म्हटलं, तू खोटारडी आहेस. मी बरोबर बोलले ना?”

अजूनही जमलं असतं. आई माझ्या बाजूने भांडून मोकळी झाली होती, मला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी मिस व्हर्लीनकडे बघितलं. त्या पुलाचे खांब मोजत असल्यासारख्या पुढे बघत होत्या.

“नाही, आई,” मी म्हटलं. “त्या बाईने खरं सांगितलं.”

खाली नदी गेली, बोट गेली, मिसूरीची पाटी गेली. पलीकडे श्वास ऐकू येत होता, म्हणजे फोन ठेवलेला नव्हता. मी मनातल्या मनात तिची सगळी वाक्यं म्हणून पाहिली, चांगली, वाईट, आणि देवाचं नाव असलेली. मला तिची सगळी वाक्यं पाठ आहेत.

“तू मागे बसलीयेस की पुढे?” आई म्हणाली.

“पुढे.”

“पट्टा लावलायस?”

लावलेला होता. तरी मी तो सोडला आणि फोनच्या अगदी जवळ धरून परत लावला, म्हणजे तिला आवाज ऐकू जाईल.